ट्रेकच्या यादीत वाटाड्या कुठे आहे?

गेल्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली. वर लिहिलं होतं, ‘सत्तरी रेनफॉरेस्ट ट्रेक – तयारी’ आणि खाली एकोणीस मुद्दे. चांगली पकड असलेले बूट, जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे, रेनकोट (छत्री नको), मोबाइलसाठी प्लॅस्टिकची पिशवी, पॉवरबँक, मिठाची पुडी, ओआरएस, सुका खाऊ, कपड्यांचा जादा जोड. एकोणिसावा मुद्दा मंडळाच्या टी-शर्टचा. यादी चांगली आहे. ज्यानं केली त्यानं मेहनत घेतलीय, आणि मला हे बोलायचा हक्क आहे, कारण गेल्या वर्षीची यादी मी केली होती. तिच्यात सतरा मुद्दे होते, एवढाच फरक.

पण यादीखाली जी चर्चा झाली ती वाचून मला बरं वाटलं नाही. “गाईडचे दोन हजार जास्त नाहीत का?” “माझा चुलतभाऊ जाऊन आलाय, गूगल मॅपवर वाट दिसते.” “गाईड नुसता पुढे चालतो, त्याचे दोन हजार?” त्याच संध्याकाळी टी-शर्टच्या रंगावर दीड तास चर्चा झाली. चाळीस टी-शर्ट, अडीचशेला एक, म्हणजे दहा हजार. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

गुरुवारी बैठक आहे. बैठकीत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात आणि माझं तोंड दोन मिनिटांत नीट उघडतसुद्धा नाही, म्हणून इथे लिहितेय. ही ट्रेक होऊ नये असं माझं म्हणणं नाही. आपण तयारी चुकीच्या टोकापासून करतोय, एवढंच म्हणायचंय.

आधी गेल्या वर्षीचं सांगते.

आम्ही तेवीस जण होतो. पणजीहून सकाळी साडेसहाला निघालो, साखळीला भाजीपाव खाल्ला, वाळपई ओलांडली आणि त्यानंतर एका गावी उतरलो. त्या गावाचं नाव मी या लेखात लिहिणार नाही, कारण पुढे येईल. माझ्या पायांत बत्तीसशे रुपयांचे नवे बूट होते. पर्वरीला दुकानात दोन तास घालवून घेतलेले. मम्मी म्हणाली होती, एवढ्या पैशांत फेस्ताचा ड्रेस झाला असता. वाटाड्या पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांचं कुळागर आहे, एप्रिल-मेमध्ये काजू आणि पावसात आमच्यासारखे लोक. पायांत साध्या रबरी चपला, हातात कोयता, डोक्यावर गोणपाटाची खोळ. आमच्यातले दोघे त्यांच्या चपलांकडे बघून हसले. तासाभरानं त्यातला एक दोनदा आपटला होता आणि काका अजून सरळ चालत होते.

रानात आत गेल्यावर गावची राय लागली. देवराई म्हणतात ती. काका थांबले, मागे वळून मला म्हणाले, “बाय, व्हाणो हांगा काड.” मी बघतच राहिले. बत्तीसशेचे बूट, गुडघ्यापर्यंतचे मोजे, हे सगळं ज्या जागेसाठी घेतलं ती जागा आली आणि तिथेच ते काढायचे! मोजे काढले, पँट दुमडली आणि मग मला एक वेगळीच शंका आली. मी हळूच विचारलं, “काका, मी ख्रिश्चन. मी आत आले तर चालेल?” ते म्हणाले, “पाय धुतले? मग चल.”

(मोशेलासुद्धा जळत्या झुडपासमोर पायतण काढायला सांगितलं होतं. लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात हे मी किती वेळा ऐकलं असेल! मला ते चिखलात उभी राहिल्यावर आठवलं.)

आत पाणी होतं. घोट्यापर्यंत, काळं आणि थंडगार. पाण्यातून झाडांची मुळं वर आलेली, गुडघा दुमडावा तशी वाकून परत चिखलात गेलेली, शेकड्यांनी. मला वाटलं ती मेलेली आहेत, म्हणून मी एकीवर पाय दिला, फोटोत उंच दिसावं म्हणून. काका पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलले. ती मुळं श्वास घेतात, म्हणाले, त्यांच्यावर उभं राहायचं नाही.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की काका अगदी शब्दशः बरोबर होते. जायफळाच्या कुळातली ही झाडं, रानजायफळं. सतत पाण्याखाली असलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर डोकं काढतात आणि तिथून हवा घेतात. अशा दलदलीच्या रानाला इंग्रजीत ‘मिरिस्टिका स्वाम्प’ म्हणतात. केरळ आणि कर्नाटकात ती थोडी आहेत, गोव्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सत्तरीत नानोडे-बांबरची निरंकाराची राय त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध, तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय म्हणून तिचं नाव घेते. आमची राय ती नव्हे. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला अशीच एक आहे, तीही देवराईच. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये तिला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. दोन्हीकडे रान टिकलं ते वन खातं यायच्या आधीपासून, गावानं ‘इथे कुऱ्हाड लावायची नाही’ असं ठरवलं म्हणून.

जाता जाता ‘रेनफॉरेस्ट’ या शब्दाबद्दल. आपल्याला ॲमेझॉन डोळ्यांसमोर येतं. गोव्यातलं बरंचसं रान खरं म्हणजे पानगळीचं आणि निमसदाहरित आहे, मार्चमध्ये जाऊन पाहा, किंदळ आणि जांभा जवळजवळ उघडे दिसतील. अस्सल सदाहरित रानाचे तुकडे घाटाच्या उतारावर, ओहोळांच्या काठी, अशा रायांमध्ये उरलेत. म्हणजे ‘रेनफॉरेस्ट ट्रेक’ला चाळीस जण निघतात तेव्हा ती चाळीस माणसं एका अगदी छोट्या तुकड्यावर उतरतात. पश्चिम घाट २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, एकोणचाळीस जागा निवडल्या, त्यांत गोव्याची एकही नाही. ही गोष्ट आपल्या जाहिराती सांगत नाहीत.

आता माझी चूक सांगते.

मी त्या रायेचं रील केलं. एकतीस सेकंदांचं. पाणी, मुळं, वरून गळणारा पाऊस, मागे बासरी. गावाचं नाव टाकलं, लोकेशन टाकलं, ‘हिडन जेम’ असा हॅशटॅग टाकला. आठवड्यात अकरा हजार लोकांनी पाहिलं. माझ्या आयुष्यात माझं काहीच अकरा हजार लोकांनी पाहिलेलं नाही. मी खूश होते. तिसऱ्या रविवारी काकांचा फोन आला. रागावले नव्हते. त्यांनी विचारलं, तुमच्या कॉलेजची अजून माणसं येणार होती काय? म्हापशाच्या आणि बेळगावच्या गाड्या येतायत, काल एक टोळी स्पीकर घेऊन आत गेली, बाटल्या पाण्यात टाकून गेली, गावातल्या बाया सकाळी जाऊन काच वेचतायत, अनवाणी जायची जागा ना ती. मी म्हटलं, आमच्या कॉलेजची नव्हेत. हे खरं होतं. आणि पूर्ण खोटंही. मी रील काढून टाकलं, पण तोवर दुसऱ्यांनी ते उचललं होतं. ‘सॉरी’ म्हणायलाही मला आठ दिवस लागले.

म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. आणि म्हणून या वर्षीच्या यादीत विसावा मुद्दा हवा: लोकेशन टाकायचं नाही. फोटो काढा, कविता लिहा, पण जागेचं नाव गावाला विचारल्याशिवाय नको.

आता वाटाड्याच्या दोन हजारांकडे येते. तो ‘नुसता पुढे चालतो’ म्हणणाऱ्या मित्राला मी नावानं ओळखते आणि त्याच्यावर माझा राग नाही. मलाही तसंच वाटायचं. पुढे चालणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. एका ओहोळापाशी पाऊस थांबला होता, पाणी घोट्याएवढं, पलीकडे धबधब्याचा आवाज. आम्ही उतरायला लागलो तर काकांनी कोयता आडवा धरला. पाण्यात पानं आणि माती यायला लागली होती, रंग बदलला होता. वर घाटात पाऊस पडतोय, म्हणाले. आम्ही वैतागून दगडांवर बसलो. पंचवीस मिनिटांत ते पाणी माझ्या कमरेएवढं झालं.

२०२४ च्या जुलैत याच तालुक्यात पाली धबधब्यावर पाणी अचानक वाढलं आणि सुमारे ऐंशी माणसं पलीकडे अडकली. त्यांना सुखरूप बाहेर काढलं म्हणून आपण ती बातमी विसरलो. त्याच्या आधीच्या वर्षी नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले. मग बंदी येते, मग ओरड होते, मग पुन्हा गूगल मॅप. अभयारण्यात शिरायला वन खात्याची परवानगी लागते, ती वन्यजीव संरक्षण कायद्यातली गोष्ट आहे, कुणा कारकुनाची लहर नव्हे. गूगल मॅपला वाट माहीत असेल. पाण्याचा रंग माहीत नाही.

जळवांचं मात्र आपण उगाच भूत केलंय. ग्रुपवर अर्धे प्रश्न जळवांचे होते. जळू चावते, रक्त पिते, सोडून देते, रक्त गोठू नये असं काही तिच्या लाळेत असतं म्हणून नंतर थोडा वेळ वाहत राहतं. ओढून काढू नका, नखानं बाजूला सरकवा, धुवा, पुढे चला. मला सात लागल्या, मी जिवंत आहे. भीती बाळगायची तर गोचिडांची बाळगा, पण ती वेगळ्या ऋतूत. माकडताप हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा कळला आणि २०१५ मध्ये सत्तरीत आला. डिसेंबर ते मे हे त्याचे महिने, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. सत्तरीत माणसं गेली ती काजू गोळा करणारी होती, ट्रेकला आलेली नव्हेत. कुणी ‘पावसाऐवजी फेब्रुवारीत जाऊ, जळवा नसतात’ असं सुचवलंय, त्यांच्यासाठी हे.

आणि साप. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे. पावसाळी रानात फांदीवर बसलेला हिरवा किंवा तपकिरी चापडा त्या चौघांत नाही. त्याचं विष सहसा जीव घेत नाही, पण हात फांदीला लावण्याआधी फांदी बघायची हे शहाणपण कुठल्या बुटात मिळत नाही. काकांनी एकदा माझं मनगट धरून थांबवलं आणि बोट दाखवलं. मला पान दिसलं. मग त्या पानाला डोळा दिसला.

इथवर सगळं जीव वाचवण्याचं झालं. आपण साहित्याचे विद्यार्थी, तर थोडं शब्दांबद्दलही बोलू.

आपल्या मंडळाची ट्रेक इंग्रजीत होते, हे तुमच्या लक्षात आलंय का? मराठी वाङ्मय मंडळाची ट्रेक! झाड दिसलं की मोबाइल वर, ॲप लॅटिन नाव सांगतं, आपण ‘वॉव’ म्हणतो आणि पुढे. माझी शाळा डिचोलीला, प्राथमिक मराठीतून, घरी कोंकणी, कॉलेजात इंग्रजी. तीन भाषा असूनही मला त्या दिवशी मोजून चार झाडांची नावं आली: आंबा, फणस, काजू, भिरंड. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. आपल्यापैकी किती जण माट्टीला टेकून उभे राहून ओळखतील? मगरीच्या पाठीसारखी साल असते. मला काकांनी दाखवली. ते जी नावं सांगतात त्यांतली काही मराठी, काही कोंकणी, काही फक्त त्या गावची. पणजीत आपण मराठी की कोंकणी यावर सभा घेतो, तावातावानं पत्रं लिहितो. काका एकाच वाक्यात दोन्ही वापरतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मारुती चितमपल्ली गेले त्याला फार दिवस झालेले नाहीत, १८ जून २०२५. ते वनाधिकारी होते आणि २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. त्यांचा ‘पक्षिकोश’ आपल्या ग्रंथालयातून काढून बघा. रानात राहणाऱ्या माणसांकडून शब्द ऐकायचे, टिपायचे, पुस्तकात आणायचे, हे काम त्यांनी जन्मभर केलं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आपल्याला अभ्यासाला येतं तेव्हा आपण ‘ललित निबंधाची वैशिष्ट्ये’ लिहून मोकळे होतो. दुर्गाबाई बघतात किती बारीक, हे उत्तरपत्रिकेत मावत नाही. आणि आपल्याच गोव्यात केरीचे राजेंद्र केरकर कितीतरी वर्षं सत्तरीच्या रायांबद्दल, नद्यांबद्दल मराठीत लिहितायत. ट्रेकच्या आधी दोन संध्याकाळी बसून हे थोडं वाचू, असं मी सुचवते. परीक्षेसारखं नको. चहा घेऊन. चाळीसातले दहा आले तरी चालेल.

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं मात्र एका प्रश्नाबद्दल आहे, कारण तो आम्ही गेल्या वर्षी विचारला आणि या वर्षीही कुणीतरी विचारणारच. “काका, वाघ दिसेल का?”

पणजीत हा साधा प्रश्न आहे. सत्तरीत नाही. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले, विष घातलेलं. गुरं मारली गेली होती, त्याचा राग होता. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई आणि आसपासच्या अभयारण्यांचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत जाहीर करा असा आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या गावांतल्या माणसांना वाटतं की वाघासाठी आपल्याला उठवतील, कुळागर जाईल, काजू जाईल. त्याच वर्षी मार्चमध्ये म्हादईच्या रानाला आगी लागल्या, हेलिकॉप्टरनं पाणी ओतावं लागलं, आणि पणजीतल्या चर्चेत बोट गावाकडे वळायला वेळ लागला नाही. अशा माणसाला आपण रेनकोट घालून हसत विचारतो, वाघ दिसेल का. काका त्या दिवशी गप्प झाले होते. मला वाटलं, दमले.

माझं मत सांगायला मी घाबरत नाही: व्याघ्र प्रकल्प व्हावा असं मला वाटतं. पणजीच्या नळाला येणारं पाणी ओपाहून येतं, ओपाला ते खांडेपार नदीतून मिळतं आणि खांडेपार मोलेच्या रानातून उतरते. अटल सेतूवरून आपण जी मांडवी बघतो ती वर सत्तरीत म्हादई असते. रान गेलं तर आपण काय पिणार आहोत? पण हे मत बाळगताना माझं घर हलणार नाही, हेही मला माहीत असायला हवं. निदान काकांसमोर उभी असताना तरी. मी डिचोलीची, खाणींची लाल धूळ खाऊन वाढलेली. खाण चालू असताना धूळ आणि बंद झाल्यावर उभे राहिलेले ट्रक, दोन्ही आमच्या रस्त्यावर पाहिलेत, आणि दोन्ही वेळी निर्णय घेणारे आमच्या रस्त्यावर राहत नव्हते. म्हणून गावात जाऊन वाघाबद्दल काही विचारायचंच असेल तर ‘दिसेल का’ यापेक्षा ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारूया आणि उत्तर लांबलं तर घड्याळ बघू नये.

आमच्या चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’वर मी शाळेत असल्यापासून प्रवचनं ऐकतेय. सृष्टी हे सगळ्यांचं घर, वगैरे. मान डोलावून बाहेर पडायचं आणि पहिल्या पावसात कुणाच्या तरी घरी ‘जंपिंग चिकन’ची कुजबुज असायचीच. बेडूक मारायला कायद्यानं बंदी आहे, तरी. हिंदू मित्र हसतात तेव्हा मी त्यांना रोयणीच्या अळम्यांची आठवण करून देते. वारुळावरची ती अळमी चवथीच्या आधी पणजीच्या बाजारात वाटेल त्या भावानं विकत घेणारे कुठल्या एका धर्माचे नसतात. काका म्हणतात, पूर्वी थोडी ठेवून बाकीची काढायचे. आता आधी कोण पोचतो त्याची.

मैत्रीण म्हणते, “तू एवढ्या अटी घातल्यास तर मजा कुठे राहणार? आणि मग जायचंच कशाला?” तिचा प्रश्न योग्य आहे, माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. घरी बसून वाचलं तर रानाला त्रास नाही हे खरं. पण मी गेले नसते तर आज हे लिहिलं नसतं हेही खरं. मुळावर पाय देऊन मी शिकले. प्रत्येकानं एकेक मूळ तुडवून शिकावं, इतकी मुळं तिथे नाहीत. आणि मजा होती. ओहोळाकाठी वाट बघत बसलो तेव्हा डोक्यावरून धनेश गेला, त्याच्या पंखांचा आवाज पावसात ऐकू येतो, फुस फुस असा, जुन्या इंजिनासारखा. सगळे एकदम गप्प झाले. तेवीस जण गप्प! आपल्या कविसंमेलनात हे कधी झालंय?

दुसरा आक्षेप पैशांचा, तो मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्यात काही जण स्कॉलरशिपवर आहेत, कदंबाच्या पासाचासुद्धा हिशोब करतात, त्यांना वर्गणी वाढली तर जमणार नाही. मग टी-शर्ट काढून टाका. दहा हजारांत पाच वाटाड्ये होतात. नव्या बुटांचीही सक्ती नको. ज्यांच्याकडे जुने आहेत त्यांनी द्यावेत, माझे बत्तीसशेचे साडेसहा नंबरचे आहेत, एकदाच वापरलेत, ज्या मुलीला बसतील तिनं घेऊन जावेत. दुपारचं जेवण बाहेरून पॅक करून न्यायचं ठरतंय, ते गावातच सांगूया. काकांच्या घरी गेल्या वर्षी पेज आणि वालीची भाजी मिळाली होती, पैसे त्या घरात राहतील आणि थर्माकोलच्या ताटल्या रानात जाणार नाहीत.

राहता राहिला आकडा. चाळीस जण नकोत. बारा-बाराच्या तीन तुकड्या, तीन वेगळे रविवार, प्रत्येकीबरोबर गावचा माणूस. स्पीकर नाही. ज्यांना एकाच दिवशी सगळे मित्र हवेत त्यांनी मिरामारला जावं, मीही येईन.

परवा मी काकांना फोन केला. वर्षभरानं. ओळखतील की नाही, धाकधूक होती. “व्हिडिओवाली बाय?” म्हणाले. मी हो म्हटलं. ट्रेकबद्दल सांगितलं, राय सोडून दुसरी वाट असेल तर तीच दाखवा, असंही म्हटलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मागे कोंबडा आरवत होता. मग म्हणाले, ऑगस्टमध्ये नको, ओहोळ भरलेले असतात, चवथ झाली की या. रायेचं गावात विचारून सांगतो. त्यानंतर विचारलं, किती जण?

मी म्हटलं, गुरुवारी सांगते.